सोळा तव्यांचा उन्हाळा

चैत्र सरत आला की अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या घरासमोरून ट्रॅक्टर जायला लागतात. रस्त्याच्या पलीकडे अवजारांचं एक दुकान आहे. दुकानदार सकाळीच जमीन फोडायचे नवेकोरे तव्यांचे कुळव रस्त्याच्या कडेला मांडून ठेवतो. लाल रंगाचा सांगाडा, त्यात ओळीनं उभे बसवलेले पोलादी तवे, आणि त्यांच्यावर ऊन पडलं की बघवत नाही. मी गॅलरीत लसूण सोलत बसते आणि त्याचं गिऱ्हाइकांशी चाललेलं बोलणं ऐकते. ऐकते म्हणजे काय, ऐकू येतंच. कोणी दुकानात शिरला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "टॅक्टर किती पावरचा हाये, भाऊ?" मग तो सांगतो, एवढ्या पावरला एवढे तवे, जमीन भारी काळी असेल तर त्यातले दोन कमी. गिऱ्हाईक मान डोलावतं. चहा येईपर्यंत सौदा उरकलेला असतो. मला दर वेळी राग येतो, आणि तो नेमका कोणाचा येतो हे या वयातही ठरवता आलेलं नाही.

हा प्रश्न आम्हाला तेव्हा कोणी विचारलाच नाही, असं म्हणायची सोय नाही. विचारला होता. त्याचं उत्तरही आमच्याच घरात होतं.

साठ सालाच्या पुढचा तो उन्हाळा. लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याकडच्या एका खेड्यात आले होते. माहेरी शेत नव्हतं, त्यामुळे माती म्हणजे पायाला लागते ती, एवढंच मला माहीत. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की या घरात जेवताना, झोपताना, पाहुणे आले असताना एकच विषय असतो, आणि तो म्हणजे जमीन.

माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणायची, त्यांनी छप्पन साली धम्म घेतला आणि त्याच दिवसापासून गावकीची कामं सोडली. सांगावा पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, रात्रीची राखण, सगळं बंद. ते सोडल्यावर खायचं काय, म्हणून वस्तीतल्या लोकांनी सरकारकडे पडीक जमिनीसाठी अर्ज केले. बाकीच्यांचे कुठे अडकले देव जाणे. मामाजींना मात्र गावाच्या उत्तरेला एक तुकडा मिळाला. देव जाणे म्हटलं खरं, पण असं म्हटलेलं मामाजींना खपत नसे. जमीन मिळाली ती एका अटीवर. ठरल्या मुदतीत ती वाहून पेरायची, नाहीतर परत. पहिलं वर्ष बैलांवाचून गेलं. गावात बैल नव्हते असं नाही. आम्ही मागायला गेलो की ते नेमके रिकामे नसत. आता उरला होता हा एकच उन्हाळा.

आणि जमीन तरी कशी. साऱ्या तुकड्यात कुंदा माजलेला. ज्यांना कुंदा माहीत नाही त्यांना सांगते, वरून ते साधं गवत दिसतं. ढोरं चरतात, कोणी त्याला वाईट म्हणणार नाही. पण काळ्या मातीत त्याच्या मुळ्या हात-दोन हात खाली उतरतात आणि तिथे एकमेकींत अशा गुंततात की साधा नांगर अडकून बसतो. उन्हाळ्यात वरची माती दगड होते, भेगांत पाय जातो, आणि खाली कुंदा शांत बसून पावसाची वाट बघत असतो. मामाजी रोज सकाळी तिथे जाऊन बांधावर बसत. घरी येताना एखादी मुळी उपटून आणत आणि अंगणात टाकत. अंगणात तिचा ढीग झाला होता, पण जमिनीवर काही फरक पडलेला नव्हता.

आमचे हे, म्हणजे माझे मालक श्रावण, मोर्शीकडच्या एका संत्र्याच्या बागेत ट्रॅक्टर चालवायचे. तो ट्रॅक्टर लहानखुरा होता, दोन झाडांच्या रांगांमधून जाईल असा. फांद्यांना लागू नये म्हणून त्याचं धुराडंही खाली वळवलेलं. पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की रॉकेलवर घालायचा. बागवाल्यानं नवा मोठा ट्रॅक्टर आणला तेव्हा हा गोठ्यात पडून राहिला, कोंबड्या त्याच्यावर बसायला लागल्या. यांनी मागितला तर तो म्हणाला, ने बापा, पण बिघडला तर माझ्या दारात आणू नको. हे तो चालवत घेऊन आले. गावाच्या वेशीतून तो फटफट करत आत आला त्या दिवशी मामाजींनी डोक्याचा फेटा सोडून पुन्हा बांधला. बैल मागायला आता कोणाच्या दारात जायचं नव्हतं. मी नवीन सून, पदराआडून बघत होते, आणि मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला.

ट्रॅक्टर झाला, आता मागे जोडायला काय? अकोल्याला जुन्या शहरात मोर्णा नदीच्या पलीकडे रज्जाकभाई म्हणून भंगारवाले होते, त्यांच्याकडे सरकारी मोडीतली अवजारं येत. मामाजी निघाले, हे निघाले, आणि घरचा रांजण फुटला होता म्हणून मडकी घ्यायला मलाही नेलं. रज्जाकभाईंच्या आवारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा, पंपांचे तुकडे, कापसाच्या जिनिंगची चाकं. त्यात एका कोपऱ्यात तो होता. सोळा तव्यांचा. पुढे दोन रांगा, मागे दोन रांगा, एकेक तवा माझ्या छातीवर धरला तर झाकून टाकेल असा. तवा म्हटलं की मला भाकरी आठवते, दुसरं काय आठवणार. मी मनात म्हटलं, एवढ्या तव्यांवर साऱ्या अकोल्याच्या भाकरी होतील.

"हा मोठ्या टॅक्टरचा हाये, चाचा," रज्जाकभाई म्हणाले. "तुमचा कोनता?"

यांनी सांगितलं.

रज्जाकभाईंनी मान हलवली. "मंग आधाच घेऊन जा. मागच्या दोन रांगा मी खोलून घेतो. आठ तवे वढते तो."

"आठच वढते," हे मामाजींना म्हणाले. "सोळा नाई वढनार, बाबा. मी चालवला हाये तो."

"वढून पायला काय तू सोळा?"

"पायला नाई. पन मले मालूम हाये."

मामाजींनी एका तव्यावर हात ठेवला. ऊन असं होतं की तवा पोळत असणार, पण त्यांनी हात काढला नाही. "श्रावण, आमाले आजवर पुरं काई भेटलं नाई," ते म्हणाले. "भाकर भेटली ते उरलेली. धोतर भेटलं ते कोनी नेसलेलं. ही जमीन पयली अशी हाये का जे पुरी भेटली. मंग औजार अर्धं काहून नेऊ मी?"

हे बाजूला झाले. बापापुढे आणखी बोलायची रीत नव्हती हे एक, आणि बोलायला होतंच काय हे दुसरं. मलाही मामाजींचं म्हणणं पटलं. आजही पटतं. सगळा घोळ तिथेच आहे. तो माणूस चुकत होता आणि त्याचं बरोबर होतं. कुळव कसा घेतला ते सांगत नाही, घरातली तांब्या-पितळेची भांडी कमी झाली एवढं सांगते. जिनिंगला आलेल्या एका रिकाम्या ट्रकातून आम्ही तो गावाला आणला. मडकी घ्यायची राहूनच गेली.

जमिनीत पहिल्यांदा तवे घालायचे त्या सकाळी सारी वस्ती जमली होती. नारळ फोडायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मग काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणीतरी मेणबत्ती आणली, ती उन्हाच्या झळांत टिकेना. शेवटी सगळ्यांनी उभ्याउभ्या त्रिशरण म्हटलं. यांनी ट्रॅक्टर सुरू केला, गियर टाकला. तवे जमिनीत टेकले, साखळी ताणली गेली, आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं हळूच वर उठली. मागची चाकं जागच्या जागी फिरून माती खणायला लागली. कुळव तसूभर हलला नाही. बाया हसल्या. मीही हसले, कारण मला वाटलं सुरुवातीला असंच होत असेल.

मग यांनी ते केलं जे त्यांना येत होतं. तव्यांच्या रांगा तिरप्या असतात, त्या त्यांनी सरळ केल्या. तेव्हा ट्रॅक्टर निघाला, पण तवे नुसते घरंगळत गेले आणि मागे उरल्या रेघा, भाकरीवर नख ओढावं तशा. पुन्हा थोडे तिरपे केले, पुन्हा चाकं फिरली. बांधावरच्या हिवराच्या झाडाखाली बसून पाणी पिताना त्यांनी मला सांगितलं होतं ते माझ्या अजून ध्यानात आहे.

"सरळ ठेवले त वढते, पन कापत नाई. तिरपे केले त कापते, पन वढत नाई."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काई नाई."

दुसऱ्या दिवशी मागच्या दोन रांगा सोडवल्या. मामाजी त्या वेळी बांधावर पाठ करून उभे होते. सोडवलेले आठ तवे हिवराखाली ठेवले. आता ट्रॅक्टर खुशाल ओढू लागला, रज्जाकभाई बोलले होते तसाच. पण कुळवाचं वजनही निम्मं झालं होतं, आणि कुंद्याला आठ तव्यांची भीती वाटेना. ते त्याच्यावरून गडगडत गेले. म्हणजे ट्रॅक्टरला जो कुळव जमत होता तो जमिनीला जमत नव्हता, आणि जमिनीला जो हवा होता तो ट्रॅक्टरला झेपत नव्हता. लग्नात दोघांचं जमवायचं असतं, तेही जमता जमत नाही. इथे तिघांचं जमवायचं होतं.

हे म्हणत होते, वळीव येऊ द्या. एक पाऊस पडून माती फुगली, वाफसा आला की आठ तवेही आत जातील. बागेत तसंच करायचे. त्यांचं चुकीचं नव्हतं. पण त्या वैशाखात वळीव आमच्या शिवेपर्यंत येई आणि पलीकडे पडून जाई. संध्याकाळी मातीचा वास यायचा, पण तो दुसऱ्यांच्या मातीचा असायचा. मामाजी संध्याकाळभर आभाळाकडे बघत. त्यांच्या जेवणात अर्धी भाकर उरायला लागली. मी शहरातली मुलगी, मला वाटायचं कोणीतरी काहीतरी करील. एवढ्या मोठ्या जगात आमच्या ट्रॅक्टरला जमेल आणि त्या जमिनीलाही जमेल असा एखादा कुळव असेलच की. असेलही. आमच्यापर्यंत तो आला नाही.

आता वखराचं सांगायला हवं. वखर म्हणजे बैलांच्या मागचं लाकडी अवजार, त्याला खाली लांब लोखंडी पास असते. पास वरवर चालायला लागली की आमच्याकडे वखरावर धोंडा ठेवतात, भार पडून ती आत जाते. मामाजींनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात वखर हाकला होता. एके सकाळी त्यांनी नाल्यातले धोंडे आणून कुळवाच्या सांगाड्यावर रचायला सुरुवात केली.

"उथळ चालते त भार देल्ला पायजे," ते म्हणाले. "हे काय येगळं हाये?"

यांनी धोंड्यांकडे बघितलं, ट्रॅक्टरकडे बघितलं. "थोडेच ठेवजा, बाबा," एवढंच म्हणाले.

आणि ते चाललं. खरंच चाललं. पहिल्याच तासाला तवे आत गेले आणि कुंद्याच्या पांढऱ्या मुळ्या करकर तुटून वर आल्या. खालची माती निघाली ती वरच्यासारखी राखाडी नव्हती, काळीभोर होती, ओलसर होती. एवढ्या उन्हात तिला ओल कुठून आली होती कोण जाणे. आम्ही बाया टोपल्या घेऊन मागे धावलो आणि मुळ्या वेचायला लागलो. मामाजींनी आणखी धोंडे ठेवले. मग आणखी. मग ते स्वतःच सांगाड्यावर चढून बसले, हातानं धरून, फेट्यावर धूळ घेत. ट्रॅक्टरचा आवाज भरदार झाला होता, आणि आम्ही सगळे तो आवाज ऐकून खूश होत होतो.

बैल असता तर तो थांबला असता. ओझं झेपेनासं झालं की बैल उभा राहतो, मारलं तरी पाऊल टाकत नाही, आणि त्यावरून माणूस समजतो की धोंडा उतरवायला हवा. मामाजींना अवजाराचं जे काही कळत होतं ते बैलाच्या थांबण्यातून कळलेलं होतं. ट्रॅक्टर थांबला नाही. यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, ते सारखे मागे वळून बघत होते, पण मागे बाप हसत बसला होता, आणि लग्नानंतर काय, त्याआधीही यांनी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. दुपार व्हायच्या आत ट्रॅक्टरच्या पोटातून लाकूड फुटावं तसा आवाज आला. चाकं थांबली. इंजिन मात्र चालूच होतं, रिकामं. यांनी खालचा बोल्ट काढला तर तेलाबरोबर लोखंडाचे चकचकीत तुकडे हातावर पडले. दातेरी चाकाचे दात होते ते.

मामाजी कुळवावरून उतरले आणि एकेक धोंडा उचलून खाली ठेवायला लागले. आता त्याचा काही उपयोग नव्हता. कोणी त्यांना थांबवलं नाही.

हे अकोल्याला गेले, अमरावतीला गेले, बागवाल्याच्या दारातही गेले. त्या जातीचा ट्रॅक्टर आता येत नाही, त्याचं चाक मिळणार नाही, असं सगळीकडे ऐकून आले. मग वस्तीतल्या माणसांनी कुदळी काढल्या. ज्यांच्या अर्जाचं काहीच झालं नव्हतं तेही आले, हे मी विसरणार नाही. हाताला फोड येईपर्यंत खणलं. मृग लागला, पाऊस झाला, आणि आम्ही जेवढं कुळवलं आणि खणलं होतं तेवढ्यात ज्वारी पेरली. ती उगवलीही. पण बाकीच्या साऱ्या तुकड्यात कुंदा असा हिरवागार उठला की लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय पीक आलंय. पटवारी छत्री घेऊन आला, शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. "बाबा, माया हातात काई नाई," म्हणाला. मामाजींनी त्याला पाणी दिलं. दिवाळीच्या आत जमीन गेली.

मुलाला पुढे नोकरी लागली, राजापेठेत घर झालं. लोक म्हणतात, बाई, शेवट गोड झाला तुमचा. मी चहा ठेवते. हे जाईपर्यंत दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवत राहिले आणि कुठला कुळव कशाला लागतो हे त्यांना विचारायला लांबून लोक यायचे. ते सांगायचेही, नीट, समजावून. ते सांगताना मी स्वयंपाकघरात जाऊन बसायची. मला ते ऐकवत नसे.

पण जमीन गेली तिथे ती गोष्ट संपली असती तर मी कदाचित विसरलेही असते. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो तुकडा गावातल्याच एका मोठ्या शेतकऱ्याच्या ताब्यात आला. कसा आला ते गावाला माहीत आहे. त्यानं नवा दणकट ट्रॅक्टर आणला, त्याला शोभेल असा कुळव आणला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की गावात हे चालवता येणारा एकच माणूस आहे. त्याचा निरोप आला तेव्हा हे भिंतीला टेकून बसले होते. उठले नाहीत.

"जा," मामाजी म्हणाले. "घरात बसून काय होते?"

हे गेले. संध्याकाळी आले तेव्हा मामाजी अंगणात वाट बघत होते.

"खोल गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"धोंडा ठेवा लागला?"

"नाई. आपल्या आपन गेला."

"कुंदा?"

"मुळासकट निघून राह्यला, बाबा."

मामाजींनी मान हलवली, एखाद्याची सोयरीक चांगल्या घरी झाल्याचं ऐकावं तशी.

कुळवलं की मुळ्या वेचायला माणसं लागतात. मुकादम वस्तीत सांगून गेला आणि सकाळी आम्ही टोपल्या घेऊन निघालो. मामाजीही निघाले. मी म्हटलं, तुमी घरीच राहा. त्यांनी ऐकलं नाही. त्या जमिनीत मी घोट्यापर्यंत पाय बुडवून चालले ते त्या दिवशी. माती गार होती आणि पायाला इतकी बरी वाटत होती की मला रडू आलं. बाकीच्या बाया झपाझप पुढे जात होत्या. मामाजी मागे पडले, कारण आम्ही वेचून गेलेल्या जागी ते पुन्हा बसत होते आणि मातीत बोटं घालून राहिलेल्या मुळ्या शोधत होते.

मी मागे येऊन म्हटलं, "मामाजी, चला ना. दुसऱ्याचं वावर हाये आता."

"एक मुळी रायली त सारा कुंदा पुन्हा येते, बाई," ते म्हणाले. मान वर केली नाही.

तेवढ्यात हे पलीकडून मातीतलं तास धरून ट्रॅक्टर घेऊन आले. बाप मातीत बसलेला दिसला तशी त्यांनी ट्रॅक्टरची गती कमी केली, त्याच्या अंगावर धूळ जाऊ नये म्हणून. मामाजींनी हातानं खूण केली, थांबू नोको, चालव. यांनी तोंड फिरवून गियर टाकला आणि ट्रॅक्टर आमच्या जवळून निघून गेला. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच उभी होते. मामाजींची बोटं मातीत चाललीच होती.

संध्याकाळी आम्हा तिघांनाही मजुरी मिळाली. म्हातारा काम चांगलं करतो, म्हणून मुकादमानं मामाजींना दुसऱ्या दिवशीही यायला सांगितलं.